फेअरींच्या कादंबऱ्यांतलं मंद आचेवरचं प्रेम

कंदील

गेले काही महिने मी एकामागून एक फेअरींच्या, म्हणजे युरोपी लोककथांतल्या माणसांसारख्या दिसणाऱ्या जादुई लोकांच्या, प्रेमकादंबऱ्या वाचते आहे. त्याही सावकाश चढत जाणाऱ्या. शंभर पानं उलटली तरी दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. मग पुढे कुठेतरी एकजण दुसऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधतो, गाठ मारून झाल्यावरही हात लगेच मागे घेत नाही, आणि एवढ्याशा गोष्टीने आपण पुस्तक मिटून छातीशी धरून बसतो. या प्रकारावर निवांत बोलावं म्हणून हा धागा काढते आहे. कुणाचा रस जाऊ नये म्हणून नव्या कादंबऱ्यांची नावं आणि शेवट इथे लिहिणार नाही, ज्यांना हवी त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साध्या प्रेमकथेत उशीर लेखकाला घडवून आणावा लागतो. चिठ्ठी भलत्याच्याच हाती पडते, कुणीतरी अर्धवट संभाषण ऐकतं, जुनी ओळख अचानक दारात उभी राहते. चांगल्या हातात हेही शोभतं, पण बरेचदा वाटतं की ही दोघं एकदा समोरासमोर बसून बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. फेअरींच्या गोष्टीत समोरासमोर बसून बोलणं हेच सगळ्यांत जोखमीचं काम असतं. दिलेला शब्द बांधून टाकतो. भेट घेतली की ऋण चढतं. खरं नाव सांगितलं की आपली दोरी दुसऱ्याच्या हातात जाते. त्यांच्याकडचा घास खाल्ला तर परतीची वाट बंद. जवळ येण्याच्या प्रत्येक पायरीला काहीतरी गमवावं लागतं, आणि शहाणं माणूस गमावण्याआधी विचार करतं. उशीर त्या जगाच्या कायद्यातच आहे, लेखकाला तो बाहेरून आणावा लागत नाही. माझं या प्रकारावरचं प्रेम मुख्यतः यामुळे आहे.

फेअरींना खोटं न बोलता येण्याचा नियम घ्या. ती विचारते, "तुला माझा राग येतो का?" त्याला "हो" म्हणता येत नाही, कारण ते खोटं होईल. "नाही" म्हणवत नाही, कारण मग पुढचा प्रश्न येईल. तो म्हणतो, "तुझ्यावर रागवायला माझ्याकडे पुष्कळ कारणं आहेत." वाक्य पूर्ण खरं आहे आणि उत्तर मात्र दिलेलंच नाही. हे एकदा ध्यानात आलं की आपण मागची पानं उलटून त्याचं प्रत्येक वाक्य पुन्हा तपासतो: इथे काय म्हणाला होता, काय म्हणायचं टाळलं होतं. प्रेमाची कबुली त्याने कधीच देऊन ठेवलेली असते, फक्त ती न बोललेल्या जागांमध्ये असते. असं वाचायला लावणारा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही.

ही कल्पनाही आजची नाही. जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने ११९१ च्या सुमारास वेल्सच्या प्रवासाचं वर्णन लिहिलं. त्यात एलिडोर नावाच्या मुलाची गोष्ट आहे. बारा वर्षांचा हा मुलगा मार खाण्याच्या भीतीने पळून नदीकाठच्या खबदाडात लपतो आणि तिथून दोन छोटी माणसं त्याला भुयारातल्या देशात नेतात. ती माणसं शपथ कधीच घेत नाहीत, कारण खोट्याइतका तिटकारा त्यांना दुसऱ्या कशाचाच नाही. वर आपल्या जगात येऊन गेली की माणसांच्या चंचलपणाला आणि शब्द मोडण्याला नावं ठेवतात. जुन्या गोष्टींत हा नियम सगळीकडे सारखा पाळलेला नाही, पण आजच्या कादंबरीकारांनी तो कडक केला आणि प्रेमकथेला जुंपला, हे मला फार हुशारीचं वाटतं.

आता लोखंड. रॉबर्ट कर्क हा स्कॉटलंडमधल्या अॅबरफॉइलचा पाद्री. १६९१-९२ च्या सुमारास त्याने फेअरींवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, जो छापून आला थेट १८१५ मध्ये. बाळंतिणीला पळवून नेऊ नये म्हणून तिच्या बिछान्यात लोखंड ठेवायची रीत त्यात नोंदवलेली आहे. कादंबरीत हेच लोखंड नायिकेच्या गळ्यात किंवा खिशात येतं. साधा खिळा, अंगठी, किल्ली, काहीही. फेअरी नायक जवळ आला की त्याला लोखंडाचा त्रास होतो, म्हणून दोघांमध्ये कायम हातभर अंतर. आणि मग एके रात्री ती तो खिळा काढून टेबलावर ठेवते. बाकी काहीच घडत नाही. तो टेबलाकडे बघतो, तिच्याकडे बघतो, प्रकरण संपतं. चुंबनाची दहा पानं वाचून मला जे होत नाही ते या एका खिळ्याने होतं.

तुम्हाला यातलं काय आवडतं? आणि काय खटकतं तेही लिहा.

रानजाई

फार सुंदर धागा. लोखंडाचा परिच्छेद दोनदा वाचला.

मला यात ब्राउनींचा नियमही आवडतो. रात्रीत घरातली कामं करून जाणारी ही छोटी मंडळी. त्यांना मोबदला म्हणून कपडे दिले की ती घर सोडून निघून जातात. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या कितीतरी गोष्टींत हे येतं. उपकाराची फेड केली की नातं तुटतं! प्रेमकथेत हे आलं की काय बहार येते. ती त्याचं देणं फेडायला धडपडते आणि तो ते फिटू देत नाही, कारण हिशेब शून्यावर आला तर थांबायला कारण उरणार नाही. दोघं एकमेकांचं थोडंथोडं देणं मुद्दाम शिल्लक ठेवतात. लग्नाइतकंच घट्ट नातं वाटतं मला ते.

पानगळ

लेख आवडला, पण मला खटकणारं आधी लिहितो.

सावकाश आणि रेंगाळणारं यांतला फरक हल्ली खूप पुस्तकांत हरवला आहे. तीन-चार भागांची मालिका करायची असते म्हणून पहिला भाग नुसत्या नजरानजरेवर काढतात. नायक दर दोन प्रकरणांनी भिंतीला टेकून उभा राहतो, जबडा आवळतो आणि निघून जातो. ती दर वेळी "याच्या मनात काय असेल" म्हणून तळमळते. सहाव्यांदा हे झालं की माझा धीर सुटतो. कायद्यातून येणारा उशीर हा तुमचा मुद्दा मान्य, पण तो कायदा नुसता पार्श्वभूमीला टांगलेला असतो आणि उशीर मात्र नेहमीच्याच गैरसमजांचा असतो, अशी पुस्तकं मी जास्त पाहिली.

दुसरं म्हणजे वय. तो पाचशे वर्षांचा, ती एकोणीस-वीसची. पुस्तक कितीही हळू चाललं तरी हे माझ्या मनातून जात नाही.

कंदील

पानगळ, पहिल्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. मी स्वतःपुरती एक कसोटी लावते. प्रत्येक प्रकरण संपताना दोघांपैकी एकाला दुसऱ्याबद्दल असं काही कळलेलं असावं, जे आता न कळल्यासारखं करता येणार नाही. त्याला अंधारात झोप लागत नाही, एवढंही चालेल. तिने खोटं बोलून त्याला वाचवलं, आणि खोटं बोलणं तिलाच शक्य होतं, हेही चालेल. अशी भर पडत असेल तर पाचशे पानंही मला कमीच वाटतात. तीच माहिती पुन्हा पुन्हा दिली जात असेल तर मीही पुस्तक ठेवून देते.

वयाबद्दल. मला आवडलेल्या कादंबऱ्यांत बहुतेक वेळा नायिका पोक्त असते. अभ्यासक, वैद्य, नकाशे काढणारी, स्वतःचं काम असलेली बाई. त्याच्याकडे शतकं आहेत, पण तिच्याकडे नियमांचं ज्ञान आहे, आणि फेअरींच्या जगात नियम माहीत असणं हीच खरी सत्ता. ती करारातला एक शब्द बदलून घेते आणि शतकं असलेला तो गप्प होतो. तिला विशीतली, भांबावलेली ठेवली की हा तोल जातो, आणि मग तुम्ही म्हणता तसं मलाही अस्वस्थ व्हायला होतं.

जुनी_वही

इथे जरा वेगळा सूर लावते. सगळे म्हणतात की या कादंबऱ्या जुन्या बॅलडमधून, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांमधून, आल्या. पण ती बॅलड्स मुळीच सावकाश नाहीत!

टॅम लिनचंच घ्या. फ्रान्सिस जेम्स चाइल्डने १८८२ ते १८९८ दरम्यान इंग्रजी आणि स्कॉटिश बॅलड्सचा जो मोठा संग्रह काढला त्यात हे ३९ व्या क्रमांकावर आहे. उल्लेख तर १५४९ च्या एका स्कॉटिश ग्रंथातही सापडतो. जागा खरी आहे: सेलकर्कजवळचं कार्टरहॉ, जिथे एट्रिक आणि यॅरो या नद्या मिळतात. जॅनेट तिथे जाते, गुलाब तोडते, टॅम लिन प्रकटतो, आणि काही कडव्यांतच ती घरी परतते ती दिवस राहिलेली. काही पाठांमध्ये तर त्याने तिची परवानगी विचारलीच नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. पान उलटण्याआधी सगळं होऊन जातं.

त्यानंतर ती त्याला विचारते की तू आहेस तरी कोण. मग कळतं की तो माणूसच आहे, घोड्यावरून पडताना फेअरींच्या राणीने त्याला उचलून नेलं, आणि दर सात वर्षांनी नरकाला द्यायच्या खंडणीत यंदा आपली पाळी येईल अशी त्याला भीती आहे. हॅलोवीनच्या मध्यरात्री माइल्स क्रॉसवरून फेअरींची स्वारी जाईल, तेव्हा मला घोड्यावरून खाली ओढ आणि सोडू नकोस, असं तो सांगतो. तिच्या मिठीत तो सरडा होतो, साप होतो, अस्वल, सिंह, लाल तापलेली लोखंडी कांब, धगधगता निखारा. ती सोडत नाही. शेवटी उरतो तो उघडा माणूस आणि ती त्याच्यावर आपला हिरवा झगा टाकते.

म्हणजे देह आधी, ओळख नंतर आणि परीक्षा सगळ्यांत शेवटी. आजच्या कादंबरीने हा क्रम उलटा केला आहे. आधी ओळख, मग परीक्षा, आणि स्पर्श शेवटी. मला हा बदल नुसत्या चवीचा वाटत नाही. जॅनेटला परीक्षा द्यावीच लागते, तिच्या पोटात त्याचं मूल आहे. कादंबरीतल्या नायिकेला तशी कसलीही सक्ती नसते. ती हवं तेव्हा निघून जाऊ शकते, तरीही धरून ठेवते. संमतीचा प्रश्न ज्यांना छळतो अशा काळात लिहिणाऱ्या बायकांनी हा क्रम बदलला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कंदील

जुनी_वही, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच आहे. क्रम उलटण्याचा मुद्दा मी असा कधी मांडून पाहिला नव्हता. आता वाटतं, ज्या कादंबऱ्या मला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात त्या सगळ्या एका अर्थी ते धरून ठेवणंच लांबवतात. सरडा, साप, अस्वल अशी एकेक रूपं एकेका प्रकरणात येतात. तो आज क्रूर वागला, उद्या परका झाला, परवा त्याने काहीतरी भयंकर केलेलं उघडकीला आलं. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, सोडायचं की धरायचं.

यात मला एक भर घालावीशी वाटते. काही रूपं सोडून द्यायचीच असतात. चांगली लेखिका नायिकेला एकदा तरी खरोखर सोडून जाऊ देते. तसं झालं नाही तर धरून ठेवण्याला किंमत राहत नाही.

तिसरा_प्रहर

बॅलडच्याही मागे जायचं तर सर ऑर्फिओ आहे. एडिनबरोमध्ये जपलेल्या ऑकिनलेक हस्तलिखितात, म्हणजे १३३० च्या दशकातल्या वहीत, हे काव्य सापडतं. मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेलेल्या ग्रीक ऑर्फियसची कथा, पण पाताळाच्या जागी फेअरींचं राज्य. राणी ह्यूरोडिस दुपारी कलमी झाडाखाली झोपते आणि फेअरींचा राजा स्वप्नात येऊन बजावतो की उद्या तुला न्यायला येणार. हजार शिपायांचं कडं केलं तरी ती सगळ्यांच्या देखत नाहीशी होते. ऑर्फिओ राज्य सोडतो आणि दहा वर्षं रानात एकटा राहतो, सोबतीला फक्त वीणेसारखं ते हार्प.

मग एक दिवस फेअरींच्या स्वारीत त्याला ती दिसते. दोघं एकमेकांकडे बघतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि बरोबरच्या स्त्रिया तिला घेऊन जातात. मंद आचेचा इतका जुना आणि इतका अचूक प्रसंग मला दुसरा आठवत नाही. दहा वर्षांचा विरह आणि भेट म्हणजे नुसती नजर.

पुढे तो राजाच्या दरबारात वाजवतो, राजा खूश होऊन म्हणतो माग काय मागायचं ते, आणि ऑर्फिओ तिला मागतो. राजा आधी नकार देतो, तुझं हे असं दैन्य आणि तिचं ते रूप, जोडी शोभत नाही म्हणतो. ऑर्फिओ सांगतो की तुझ्या तोंडून खोटा शब्द निघणं याहून जास्त अशोभनीय. राजाला द्यावीच लागते. शब्दाने बांधलं जाणं हा कंदील यांचा मुद्दा इथे सातशे वर्षांपूर्वी तयार उभा आहे.

रानजाई

हे वाचताना मला पुरूरवा-उर्वशीची आठवण सारखी येते आहे. शतपथ ब्राह्मणात उर्वशी अटी घालूनच राहते, आणि त्यातली एक अशी की तू मला नग्न दिसता कामा नयेस. गंधर्व रात्री तिची कोकरं पळवतात, तो तसाच उठून धावतो, वीज चमकते, अट मोडते, ती जाते. आणि ऋग्वेदातल्या दहाव्या मंडलातलं ते संवादसूक्त तर निव्वळ ताटातुटीचंच आहे. तो थांब म्हणतो, ती परत जा म्हणते.

फरक एवढाच की तिथे अट प्रेम संपवायला असते, आणि कंदील ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलताहेत तिथे अट प्रेम घडवते. दोन्हीकडे अमर बाजूचे नियम माणसाला पाळावे लागतात, हे मात्र सारखं.

पानगळ

हे सगळं वाचून आणखी एक पुस्तक घ्यावंसं वाटायला लागलं आहे, हे कबूल. पण एक काळजी मांडतो. या प्रकारात फेअरी फार लवकर माणसाळतात. टोकदार कान आणि दुखरा भूतकाळ, संपलं. त्यांच्यातली भीती गेली की उशिरालाही कारण उरत नाही.

लोकांना ही भीती किती खरी होती हे विसरलं जातं. १८९५ मध्ये आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. ही माझी बायको नव्हे, फेअरींनी तिच्या जागी ठेवलेली दुसरीच कुणीतरी आहे, असं तो म्हणत होता. त्याला शिक्षाही झाली. जवळचं माणूस खरंच तेच आहे का, हा प्रश्न त्या लोकांना गंमत नव्हता. कादंबरीने निदान याची जाणीव ठेवावी असं मला वाटतं.

कंदील

अगदी खरं, आणि ते तुम्ही इथे लिहिलंत हे बरं झालं. त्या घटनेत तर राक्षस माणूसच होता. ज्या कादंबऱ्या हे ओळखतात त्यांत मला वेगळी खोली दिसते. त्यांत फेअरी परका आहे, त्याला दया ही गोष्ट शिकावी लागते, आणि तरीही नायिकेला गावातल्या माणसांपेक्षा त्याच्याजवळ सुरक्षित वाटतं. ते तसं का वाटावं, याचं उत्तर लेखिकेने सावकाश, पुराव्यानिशी द्यावं लागतं. तिथे घाई चालतच नाही.

परकेपणा टिकवायची एक युक्ती मला फार आवडते: कथा नायिकेच्या रोजनिशीतून सांगणं. ती सगळं नोंदवते. तो काय म्हणाला, कुठे उभा होता, तिचा डगला त्याने न सांगता कसा शिवून ठेवला. अर्थ मात्र चुकीचा लावते, "याला शिवणकामाची आवड दिसते" असं लिहून मोकळी होते. तिला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं आणि आपण पानापानाला तिला हाक मारत राहतो. तो मात्र शेवटपर्यंत बाहेरून दिसतो, त्याच्या मनात आपल्याला शिरू दिलं जात नाही. दोघांच्या मनातलं आलटून पालटून सांगणाऱ्या कादंबऱ्यांत हा आनंद निम्मा होतो असं माझं मत.

तिसरा_प्रहर

शेवटाबद्दल कुणी बोललं नाही अजून. एक अमर, एक मर्त्य. याचं करायचं काय?

आयरिश कथेत ऑशिन हा वीर नीअव्ह या अमर स्त्रीबरोबर तीर ना नोगला, म्हणजे चिरतारुण्याच्या देशात, जातो, तिथे तीनशे वर्षं निघून जातात आणि त्याला ती थोडीच वाटतात. घरच्या ओढीने परत येतो तेव्हा घोड्यावरून उतरू नकोस असं तिने बजावलेलं असतं. दगड उचलायला मदत करताना खोगिराचा पट्टा तुटतो, तो जमिनीवर पडतो आणि क्षणात जख्ख म्हातारा होतो. काळाचा नियम असा कठोर असताना आजच्या कादंबऱ्या शेवटच्या दहा पानांत तिला अमर करून टाकतात. चारशे पानं प्रत्येक गोष्टीची किंमत मोजायला लावली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट फुकट दिली! माझा विरस होतो.

रानजाई

मला मात्र ती दोघं एकत्र आणि सुखात हवी असतात. एवढी पानं थांबल्यावर तेवढा हक्क आहे आपला. पण फुकट नको, हे पटलं.

जुनी_वही

सुख हवंच, पण मला त्यात राणीचा राग शिल्लक राहिलेला आवडतो. टॅम लिनच्या शेवटी राणी म्हणते की हे आधी ठाऊक असतं तर तुझे डोळे काढून तिथे लाकडाचे बसवले असते. जॅनेट जिंकली, टॅम लिन घरी आला, आणि ते वाक्य तसंच हवेत राहिलं. दोघांना जन्मभर कार्टरहॉच्या बाजूने जाताना ते आठवणार.

तिसरा_प्रहर, तुमच्या प्रश्नावर मी वाचलेल्यांपैकी सगळ्यांत पटलेली तोड अशी होती: ती अमर होत नाही, तो मर्त्य होत नाही. वर्षातला काही काळ ती त्याच्याकडे, काही काळ तो तिच्याकडे, आणि कोणत्या बाजूला काळ कसा धावेल याचा करार दोघं बसून शब्दाशब्दाने लिहितात. त्या कराराचं प्रकरण चाळीसेक पानांचं आहे. तिथे ती पहिल्यांदा त्याच्या एका अटीला नाही म्हणते आणि तो पहिल्यांदा, कुठलीही पळवाट न ठेवता, तिला जे हवं ते जसंच्या तसं लिहून देतो. नाव व्यनित पाठवते.